रुपेरी पडद्यावरचे गोड ठक

ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कचेऱ्यांवर एका रात्रीत छापे घातले. त्या कचेऱ्यांतून शेकडो तरुण-तरुणी रात्रभर दूरध्वनीपाशी बसत, अमेरिकी नावे धारण करीत, अमेरिकी उच्चार घोटून घेत आणि साता समुद्रांपलीकडील अनोळखी माणसांस दरडावीत, की तुमचा आयकर थकला आहे, आत्ताच्या आत्ता भरा, नाहीतर पोलीस दाराशी येतील. घाबरलेला माणूस दुकानातून भेटकार्डे विकत आणी, त्यांवरील आकडे वाचून दाखवी आणि त्याचे पैसे कायमचे जात. शेकडो जणांस ताब्यात घेऊन चौकशी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्यायखात्यानेही अशाच प्रकारच्या फसवणुकीबद्दल भारतातील व अमेरिकेतील कित्येकांवर आरोपपत्र उघड केले. शांती नगरासारख्या, नोकरदार कुटुंबांनी पै-पै साठवून घरे घेतलेल्या वसाहतीच्या शेजारी घडलेली ही गोष्ट. मीरा रोडचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत आले ते असे.

आता दुसरी बाजू पाहावी. ज्या अमेरिकेला या ठकांनी लुबाडले, त्याच अमेरिकेने ठकाला आपल्या बोलपटांचा लाडका नायक केले आहे. हॉलिवूडच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने १९३० ते १९५५ या अवधीत, तेथे एक विशेष जातीचे चित्रपट निघाले. त्यांतील नायक अथवा नायिका, आणि पुष्कळदा दोघेही, पट्टीचे ठक असतात. दागिने लांबवावेत, खोटी नावे घ्यावीत, श्रीमंतांच्या तोंडाला पाने पुसावीत आणि या सर्व उद्योगात एकमेकांच्या प्रेमात पडावे, असा त्यांचा जीवनक्रम. हे चित्रपट आज नव्वद वर्षांनंतरही लोक आवडीने पाहतात. त्यांत शांती नगरातील दिवाणखाने आले, आणि ज्याला गेल्याच आठवड्यात कोणी दूरध्वनीवरून गंडा घातला तो गृहस्थही आला. फसवले जाण्याची एवढी चीड असलेला माणूस पडद्यावरील फसवणुकीला हसतो आणि टाळी देतो, हे कोडे उलगडण्यासारखे आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. इंग्रजीत अशा ठकाला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हणतात. ‘विश्वासवाला’ असाच त्याचा अर्थ. १८४९ साली न्यूयॉर्क शहरात विल्यम टॉम्प्सन नावाच्या इसमाला पकडले, तेव्हा तेथील वर्तमानपत्रांनी हा शब्द रूढ केला. टॉम्प्सनची रीत अशी होती, की चांगला पोशाख करावा, रस्त्यात एखाद्या संपन्न दिसणाऱ्या गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखे बोलावे आणि मग विचारावे, की आपला मजवर एवढा विश्वास आहे काय, की आपले घड्याळ उद्यापर्यंत मजपाशी ठेवाल? आश्चर्य असे की लोक घड्याळ काढून देत. धाक नाही, हत्यार नाही, खिसा कापणे नाही. फसणारा मनुष्य आपल्या हाताने वस्तू देतो, आणि देताना त्याला स्वतःच्या थोरपणाबद्दल थोडेसे समाधानही वाटत असते. चोर आणि ठक यांतील भेद हाच. चोर वस्तू उचलतो, ठक ती मागून घेतो. आपल्याकडे ‘कोपराला गूळ लावणे’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार.

या कलेवरचा सर्वांत नाजूक चित्रपट म्हणजे १९३२ साली आलेला ‘ट्रबल इन पॅरडाइज’. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच हा मूळचा बर्लिनचा, पुढे हॉलिवूडला जाऊन तेथील मोठा धनी झाला. त्याचा नायक गॅस्टन व्हेनिसच्या एका उंची हॉटेलात सरदार म्हणून उतरला आहे. त्याच्याकडे जेवायला आलेली लिली ही आपण उमरावाची स्त्री असल्याचे सांगते. हर्बर्ट मार्शल आणि मिरियम हॉपकिन्स यांनी या भूमिका केल्या. मेजावर पदार्थ येतात, गोड गोड भाषण चालते, आणि मध्येच लिली अतिशय शांतपणे सांगते की, सरदारसाहेब, आपण चोर आहात. गॅस्टनही तितक्याच शांतपणे तिला तेच सांगतो. मग उलगडते की जेवता जेवता तिने त्याचे पाकीट मारले आहे आणि त्याने तिची टाचणी. एकेक वस्तू परत केली जाते. तिने त्याचे घड्याळ कधी काढले हे त्याला कळलेले नसते. त्याने तिच्या पायमोज्याचा बंद कधी काढला हे तिला कळलेले नसते. हे समजताच ती त्याच्या गळ्यात पडते.

या एका प्रसंगात सगळ्या प्रकाराचे मर्म आहे. ही दोघे उभ्या जगाशी खोटे बोलतात. त्यामुळे जगात कोणापाशीही त्यांना खरे बोलता येत नाही. ज्या क्षणी एक ठक दुसऱ्या ठकाला ओळखतो, त्या क्षणी त्याला आयुष्यात प्रथमच असा मनुष्य भेटतो की ज्याच्यापाशी सोंग करण्याचे कारण उरले नाही. सामान्य प्रेमकथेत नायक-नायिकेला परस्परांचे गुण दिसतात. येथे परस्परांचे अवगुण आधी दिसतात, आणि ते पाहूनही मन मागे फिरत नाही. संसार केलेल्या प्रेक्षकाला या गोष्टीची किंमत अधिक कळते. आपल्याकडील मुलगी पाहण्याचा समारंभ आठवावा. तेथे मुलाचा पगार थोडासा फुगतो, मुलीच्या हातचे म्हणून पोहे शेजारणीच्या हातचे येतात, मामांच्या शेतीचे एकर वाढतात, आणि दोन्ही पक्षांस हे ठाऊक असते. ठकांच्या प्रेमपटात हेच सारे घडते. एवढेच की तेथे पोहे कोणाचे हे पहिल्याच भेटीत उघडे होते.

पुढे गॅस्टन व लिली पॅरिसला येतात आणि अत्तरांच्या कारखान्याची मालकीण मादाम कोले हिची रत्नजडित पर्स लांबवितात. वर्तमानपत्रात वीस हजार फ्रँक बक्षिसाची जाहिरात येते. पर्स विकून एवढे पैसे मिळणार नाहीत असा हिशेब करून गॅस्टन ती प्रामाणिकपणे परत करतो, बक्षीस घेतो आणि वर तिचा चिटणीस होऊन बसतो. आता खरी अडचण सुरू होते, कारण मादाम कोले त्याला मनापासून आवडू लागते. के फ्रान्सिसने ही बाई अशी उभी केली आहे की तिच्याविषयी राग येण्याऐवजी हळहळ वाटावी. शेवटी गॅस्टन लिलीबरोबर जातो. ते का, हे तिन्ही पात्रे जाणतात आणि कोणी बोलून दाखवीत नाही. मात्र त्याआधी एक बारीकशी गोष्ट घडते, जी प्रेक्षकाने सोडू नये. त्या कारखान्याचा प्रतिष्ठित वृद्ध संचालक वर्षानुवर्षे कंपनीचे पैसे खात असल्याचे गॅस्टन उघड करतो. चोराला पोलिसांचे भय. संचालक मात्र अब्रूदार.

हा चित्रपट निघाला ते साल १९३२. अमेरिकेत महामंदी शिगेला पोहोचली होती. बँकांची दारे बंद होत होती, आयुष्यभराची पुंजी ठेवलेली माणसे रस्त्यावर रांगा लावून उभी होती. ज्या सभ्य गृहस्थांच्या सहीवर विश्वास ठेवला त्यांनीच हातावर तुरी दिल्या. अशा वेळी, निदान आपण चोर आहोत हे स्वतःपाशी कबूल करणारा, हसतमुख आणि फक्त गडगंज माणसांनाच लुबाडणारा ठक लोकांना जवळचा वाटला तर नवल कसले? मात्र केवळ मंदीने या आवडीचा उलगडा होत नाही. मंदी सरली, युद्ध आले, युद्धही संपले. आवड टिकून राहिली.

आणखी एक कारण पडद्याच्या रचनेतच आहे. ठकाची युक्ती प्रेक्षकाला आधी सांगितलेली असते. सावज काय ते अंधारात. प्रेक्षक ठकाच्या बाजूला, त्याच्या खांद्यावरून पाहत असतो. १९३६ च्या ‘डिझायर’ या चित्रपटात मार्लिन डीट्रिच पॅरिसच्या एका जवाहिऱ्याकडून मोत्यांचा अमूल्य हार मिळविते ती युक्ती पाहा. जवाहिऱ्याला ती सांगते, की मी अमुक मनोविकारतज्ज्ञाची पत्नी. हार घेऊन घरी या, पैसे पतिराज देतील. त्या वैद्याला जाऊन सांगते, की मी जवाहिऱ्याची पत्नी. माझ्या यजमानांस वेड लागत चालले आहे, ते दिसेल त्यापुढे बिल ठेवून पैसे मागत सुटतात, एकदा तपासा. ठरल्या वेळी दोघांची गाठ पडते. एक बिल पुढे करतो. दुसरा त्याची नाडी पाहतो. तोपर्यंत बाई मोत्यांसह पसार. या ठिकाणी खोट्याचा भाग किती थोडा आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एक एक वाक्य प्रत्येकाला सांगितले; बाकीचे काम त्या दोन सज्जनांच्या धंदेवाईक सवयींनी केले. प्रेक्षकाला या बुद्धीचा आनंद मिळतो, आणि त्या आनंदात आपणही कोणाचे तरी सावज होऊ शकतो हे तो दोन तास विसरतो.

नंतर सरहद्दीवर झडती होणार असे दिसताच ती हार एका भाबड्या अमेरिकी अभियंत्याच्या कोटाच्या खिशात टाकते. तो परत मिळवावयाचा म्हणून त्याच्या मागे लागते. आणि मागे लागता लागता त्याच्यावर जीव जडतो. हा अभियंता म्हणजे गॅरी कूपर. शेवटी मोती जवाहिऱ्याला परत जातात, बाई लग्न करून सुधारते. हा शेवट लुबिचच्या आधीच्या चित्रपटापेक्षा इतका वेगळा का, याचे उत्तर कायद्यात नसून हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीत आहे. चित्रनिर्मात्यांनी १९३० साली एक नीतिसंहिता लिहून काढली होती. ती प्रथम कागदावरच राहिली. १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन याच्या देखरेखीखाली तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. गुन्हा आकर्षक दिसता कामा नये आणि गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, हा तिचा कणा. गॅस्टन आणि लिली हसत हसत निसटतात म्हणून १९३५ साली ‘ट्रबल इन पॅरडाइज’ पुन्हा प्रदर्शित करण्यास परवानगी मिळाली नाही, आणि १९६८ पर्यंत तो सर्वसामान्य प्रेक्षकांपासून दूरच राहिला.

बंधनाने कला मरते असे म्हणतात. या बाबतीत ते पूर्णतः खरे ठरले नाही. ठकाला शिक्षा व्हावयाचीच असेल तर ती त्याने स्वतः ओढवून घ्यावी, आणि तीही प्रेमापोटी, अशी वाट लेखकांनी काढली. १९४० च्या ‘रिमेंबर द नाइट’मध्ये बार्बरा स्टॅनविक एक कंकण चोरते. नाताळची सुट्टी आड आल्याने खटला पुढे ढकलला जातो, आणि सरकारी वकील तिला दयेपोटी आपल्या आईच्या घरी खेडेगावात घेऊन जातो. तेथे दोघांचे प्रेम जमते. वकील तिला सोडविण्यासाठी खटला जाणूनबुजून बिघडवू पाहतो. तेव्हा त्याची नोकरी व नाव जाऊ नये म्हणून ती भर न्यायालयात गुन्हा कबूल करते. पटकथा प्रेस्टन स्टर्जेसची. त्यानेच पुढील वर्षी त्याच नटीला घेऊन ‘द लेडी ईव्ह’ काढला, आणि तेथे मात्र नियमावलीलाच शेंडी लावली. जहाजावर पत्ते खेळून श्रीमंतांना लुबाडणारी जीन एका मद्यसम्राटाच्या भोळ्या मुलावर प्रेम करू लागते; तो सर्पशास्त्राचा अभ्यासक, हेन्री फोंडा. तिचा धंदा कळताच तो तिला झिडकारतो. मग ती इंग्लंडातील एका उमरावाची कन्या बनून त्याच्याच घरी येते आणि तो तिला ओळखू शकत नाही! चेहरा तोच, आवाज तोच. त्याचा नोकर कानीकपाळी ओरडून सांगतो की ही तीच बाई. पण ठकबाई एवढी उघडपणे तोच चेहरा घेऊन कशाला येईल, असा शास्त्रज्ञाचा तर्क. शिकलेला मनुष्य अडाण्यापेक्षा लवकर फसतो, कारण आपल्या फसण्याला तो कारणमीमांसा पुरवितो. या चित्रपटात जीनचे खोटेपण हे तिच्या प्रेमाचेच हत्यार आहे, आणि नायकाचा सत्याचा ताठा हाच खरा अपराध, असे दिग्दर्शकाने कोठेही न म्हणता म्हटले आहे.

हे सर्व परदेशी, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. प्रेमापोटी चोरी करणारा नायक मराठी रंगभूमीला जुना परिचित आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, त्यातील शर्विलक पाहावा. जातीने ब्राह्मण, विद्येने घरफोड्या. दासी मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी द्रव्य हवे म्हणून तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. मोजमापाची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो. आणि सकाळी दरिद्री चारुदत्त ते भोक पाहून त्याच्या सुबक घडणीचे कौतुक करतो! घर लुटले गेलेला माणूस चोराच्या कारागिरीला दाद देतो, यापेक्षा आजच्या चित्रपटरसिकाचे अधिक खरे चित्र कोणते? पुढे तर मौज आहे. चोरलेले अलंकार मदनिकेच्या मालकिणीचेच, वसंतसेनेचेच निघतात. मदनिका त्याला युक्ती सांगते, की चारुदत्तानेच ते पाठविले असे भासवून परत कर. वसंतसेना आडून सर्व ऐकते आणि काही न कळल्यासारखे दाखवून मदनिकेला मुक्त करते. लुबिचच्या मेजावरील खेळ आणि हा खेळ यांत फार अंतर नाही.

बोलपटाच्या युगात हीच परंपरा मीरा रोडपासून चार स्थानकांवर, मालाड येथे उतरली. तेथे हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ साली उभ्या केलेल्या बॉम्बे टॉकीजने १९४३ मध्ये ‘किस्मत’ काढला. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. अशोककुमारांचा शेखर हा सिगारेट ओढणारा, मंद हसणारा खिसेकापू; तोवर हिंदी पडद्यावर नायकाने असे असावे ही कल्पनाच नव्हती. तुरुंगातून सुटलेला शेखर दुसऱ्या एका उचल्याने मारलेले घड्याळ त्याच्याच खिशातून हातोहात काढून घेतो, आणि ते घड्याळ एका विपन्न वृद्धाचे निघते. पोलिसांचा ससेमिरा चुकविताना तो चोरीचा हार नायिकेच्या गाडीत टाकतो. तो परत मिळविण्याच्या मिषाने तिच्या घरी पोचतो आणि भाडेकरू होऊन राहतो. ‘डिझायर’मधील मोत्यांचा हार येथे आठवल्यावाचून राहत नाही, मग दोघांचा संबंध असो वा नसो. मात्र एक भेद मोठा आहे. डीट्रिच उंची हॉटेलांतून वावरते. शेखरची राणी पायाने अधू, कर्जात बुडालेली, वडिलांच्या जुन्या थिएटरात पोटासाठी गाणारी. शेखर चोरी करतो ती तिच्या पायावर शस्त्रक्रिया व्हावी म्हणून. अमेरिकी ठकाचे प्रेम हे बरोबरीच्या खेळाडूंचे प्रेम. आपल्या ठकाच्या प्रेमाला करुणेची आणि घरच्या जबाबदारीची जोड लागते. तशी जोड नसती तर १९४३ सालचा प्रेक्षक त्याला क्षमा करता ना. तरीही टीका झालीच. ‘फिल्म इंडिया’ मासिकात बाबूराव पटेल यांनी गुन्ह्याचा गौरव केल्याबद्दल चित्रपटाला फैलावर घेतले. लोकांनी ती टीका वाचली आणि तिकिटे काढली. कलकत्त्यातील रॉक्सी चित्रगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. शेवटी शेखर हा श्रीमंत इंद्रजिताचा हरवलेला मुलगा निघतो, हा भाग कच्चा आहे. चोराला क्षमा करावयाची तर तो चोर म्हणूनच करावी. तो खानदानी होता म्हणून नव्हे.

राज कपूरच्या ‘श्री ४२०’चे (१९५५) नाव भारतीय दंडविधानाच्या फसवणुकीच्या कलमावरून आले. १ जुलै २०२४ पासून त्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. भाषेत मात्र ‘चारसोबीस’ आहे तेथेच आहे. या चित्रपटातील मुख्य ठकवणूक शांती नगरच्या रहिवाशाला विशेष झोंबावी अशी आहे. सोनाचंद शेट गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याची योजना जाहीर करतो, आणि फुटपाथवर झोपणारे लोक चिंध्यांत बांधलेली नाणी आणून देतात. मुंबईत जागा परवडेना म्हणून लोहमार्गाने उत्तरेकडे सरकत सरकत येथवर आलेल्या कुटुंबांना घराचे आमिष म्हणजे काय हे सांगावयास नको. आणि येथेच चित्रपटाचा सूर पालटतो. नायक राज पत्त्यांचा हातखंडा दाखवून श्रीमंतांना गंडवितो तोवर प्रेक्षक खूष असतो. पण सावज म्हणून गरीब उभा राहिला की हसू थांबते. नर्गिसची विद्या त्याला सोडून जाते तीही त्याच्या खोटेपणामुळे. ‘पॅरडाइज’मधील लिली गॅस्टनला चोर म्हणून वरते, विद्या राजला चोर म्हणून नाकारते.

तेव्हा ठक गोड वाटण्याला एक अट आहे, आणि ती पडद्यावर कटाक्षाने पाळली जाते. सावजाला ते नुकसान सोसता आले पाहिजे. मादाम कोलेचे दागिने जातात, तिचे अत्तर विकले जातच राहते. २०१६ सालच्या मीरा रोडच्या प्रकरणात सावजे कोण होती? या जातीच्या दूरध्वनींना बळी पडलेल्यांत वृद्ध आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेली माणसे पुष्कळ होती, म्हणजे कायद्याला घाबरणारी माणसे. त्यात विश्वास संपादन करण्याची कला नाही, केवळ धाक. २०२४ साली ज्याचा बोभाटा झाला आणि ज्याविषयी २७ ऑक्टोबरच्या ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनीही सावध केले, तो ‘डिजिटल अटक’ हा प्रकार याच कुळातला. त्यावर लुबिचला चित्रपट काढता आला नसता. ज्या ठकाला आपल्या सावजाचा चेहराही पाहावा लागत नाही, त्याला त्याच्या प्रेमात पडण्याची वेळ कशी येणार?

चेहरा पाहून, हातात हात घेऊन केलेली फसवणूक याहून भयंकर असते, हे दाखवून देण्याचे काम मराठी नाटकाने केले आहे. तोतये आपल्याला नवे नाहीत. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवराव भाऊ पडले, पण त्यांचे शव ओळखण्याविषयी संशय राहिला. आणि पुढे एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याने कोकणात बंड माजविले, १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ नाटक रचले. पती जिवंत आहे या आशेवर राहिलेल्या पार्वतीबाईंचे दुःख त्या इतिहासात आहे. कोणाही ठकाने कोणाच्या वैधव्यावर एवढा डाव क्वचितच लावला असेल.

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. त्याला आधार होता माधव काझी नावाच्या एका खऱ्या ठकाच्या खटल्याचा. मो. ग. रांगणेकरांनी ते बसविले आणि प्रभाकर पणशीकरांनी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आणि त्याची बाकीची सोंगे अशा पाच भूमिका एकट्याने वठविल्या. फिरत्या रंगमंचावर न्यायालय आणि भूतकाळ आलटून पालटून समोर येत. लखोबा ठिकठिकाणी निराळ्या नावाने, निराळ्या पोशाखाने जातो, लग्ने लावतो, दागिने घेऊन पोबारा करतो. आणि आता आरोपी म्हणून स्वतःचा बचाव स्वतःच करीत आहे. साक्षीला त्याच्या बायका आहेत. कायद्याच्या भाषेत तो त्यांना पेचात धरतो. आपण ह्या बाईंना ओळखत नाही, असे तो इतक्या साळसूदपणे सांगतो की प्रेक्षागृहात हशा उसळतो. नेमके त्याच वेळी समोर एक स्त्री असते जिचा संसार, अब्रू आणि घरच्यांचे तोंड दाखविण्याचे बळ त्या माणसाने नेले आहे. हसणारा प्रेक्षक आणि ती स्त्री एकाच क्षणी, एकाच दिव्याखाली.

हॉलिवूडने ही जागा नेहमी टाळली. तेथे प्रेमात पडलेला ठक थांबतो. लखोबा थांबत नाही, कारण प्रेम हेच त्याचे हत्यार. टॉम्प्सन घड्याळ मागे, लखोबा हात मागतो. अत्र्यांनी त्याला मोहक केले, विनोद दिला, बुद्धी दिली, आणि मग त्याच मोहकपणाखाली भरडलेल्या माणसांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले. पणशीकरांचे निधन २०११ साली झाले; तोवर या नाटकाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग होऊन गेले होते. एवढ्या वेळा लोक लखोबाकडे का परतले, याचे उत्तर केवळ नीतिबोधात शोधणे भाबडेपणाचे होईल. पणशीकरांचे सोंग बदलणे पाहण्यासाठी ते जात. शर्विलकाचे भोक पाहून चारुदत्त थबकला तसे. मात्र घरी परतताना गाडीत गप्पा निघत त्या बायकांच्या असतील, असे मानावयास जागा आहे. लग्नाच्या जाहिराती आता छापील पानांवरून संगणकावर गेल्या आहेत, लखोबाला वेष पालटण्यासाठी पडद्याआड जावे लागत नाही, छायाचित्र बदलले की पुरे. तेव्हा ते नाटक जुने झाले असे म्हणवत नाही.

ज्यांना या प्रकारची ओळख नव्याने करून घ्यावयाची असेल त्यांनी ‘किस्मत’पासून आरंभ करावा, भाषा आपली, आणि अशोककुमारांचा अभिनय आजही ताजा. त्यानंतर ‘द लेडी ईव्ह’. ‘ट्रबल इन पॅरडाइज’ शेवटी ठेवावा, कारण त्याची गोडी सावकाश लागते, आणि संवाद इतके भराभर येतात की प्रथम पाहताना निम्मे निसटतात. त्याची सुरुवात मात्र चुकवू नये. व्हेनिसची रात्र, कालव्यात एक होडी, तीत शहराचा कचरा भरलेला आहे. आणि तीच कचऱ्याची होडी घेऊन नावाडी गात गात पुढे जातो.